आईच्या गळ्यातला टाक

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील बदलून:

पत्र लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही कोल्हापुरात, माहेर गंगावेशीजवळ. भावंडं तीन: थोरले दादा (वय ५९), मग या, मग पुण्यात नोकरी करणारा धाकटा. वडील दहा वर्षांपूर्वी गेले, आई गेल्या वर्षी. गावाकडच्या उसाच्या जमिनीवर वडिलांच्या मागे सगळ्यांची नावं लागली आहेत. राहतं घर मात्र आईच्या नावावर; तिनं शिवणकामाच्या पैशातून आणि स्वतःचे दागिने मोडून घेतलेलं. मृत्युपत्र नाही. दादा-वहिनी त्याच घरात राहतात, आईचं सगळं त्यांनीच केलं. धाकट्याला घर विकून वाटणी हवी आहे. दोघा भावांचं बोलणं सणावारापुरतं.

वारसनोंदीसाठी कागद शोधताना ताईंना आईच्या ट्रंकेत जुन्या नगरपालिकेचे दोन उतारे सापडले. एक दादांच्या जन्माचा. त्यात आईच्या नावाच्या जागी थोरल्या मावशीचं नाव. दुसरा, त्यानंतर अकराव्या दिवशी झालेल्या मावशीच्या मृत्यूचा. खाली आई-वडिलांच्या लग्नाची पत्रिका, पुढच्या वर्षीची. ‘मावशीचा हार घातलेला फोटो आमच्या सोप्यात कायम होता. बाळंतपणात गेली एवढंच माहीत होतं. कुणाच्या बाळंतपणात, हे आम्ही कधी विचारलंच नाही.’

त्या विचारतात: दादांना सांगू, की कागद जाळून टाकू? धाकट्याला कळलं तर तो दादांना घराबाहेर काढेल. नवरा म्हणतो, ‘ठेव जपून, कामाला येतील.’ ‘आईनं आयुष्यभर आम्हाला फसवलं असं वाटतं. हक्कसोडपत्र करून द्यायचं मी ठरवलं होतं, पण आता सुचत नाही. दादा आता माझा सख्खा राहिला नाही का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. वडील एक, आया दोन, म्हणून तो तुमचा सावत्र भाऊ. त्याची आई आणि तुमची आई सख्ख्या बहिणी, म्हणून तो तुमचा मावसभाऊसुद्धा. म्हणजे नात्याचा हिशेबच मांडायचा तर तो तुमचा दोनदा भाऊ लागतो. सख्खा हा शब्द आपण दोन कामांना वापरतो, एकदा रक्तासाठी आणि एकदा मायेसाठी. उताऱ्यानं त्यातलं पहिलं काम थोडं हलवलंय. दुसऱ्याला हात लावायची ताकद नगरपालिकेच्या कारकुनात नव्हती.

आता अवघड भाग. ‘आईनं फसवलं’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही जाता जाता दोन गोष्टी सांगितल्यात. एक, पितृपक्षात नवमीला आई दर वर्षी सवाष्ण जेवायला बोलवायची आणि तिच्या पाया पडायला न चुकता दादाला पुढे करायची. वडील गेल्यावर हे बंद झालं. दोन, आईच्या मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा एक बारीक टाक असायचा, त्यावर बाईची आकृती. विचारलं की ‘देवीचा आहे’ म्हणायची. तोही वडील गेल्यावर गळ्यातून देव्हाऱ्यात गेला.

ताई, ती अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईसाठी करतात आणि तो नवरा गेला की पुष्कळ घरांत ती थांबते. आणि दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या आजोळी एका काकूंच्या गळ्यात होता. आम्ही पोरं त्याला बाहुली म्हणायचो आणि काकू हसायच्या. फार उशिरा कळलं की त्या सवतीला गळ्यात घेऊन स्वयंपाक करत होत्या. तुमच्या आईच्या बाबतीत तर ती सवत नव्हती, थोरली बहीण होती. अकरा दिवसांचं पोर मागे ठेवून बहीण गेली आणि वर्षभरात ही त्या घरात उभी राहिली. तुम्ही आईचं वय लिहिलं नाही, पण पत्रिकेवरून आणि तुमच्या वयावरून अंदाज बांधला तर ती विशीच्या आतबाहेर असणार. तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. ‘पोराला परक्या सावत्र आईच्या हातात द्यायचं का?’ एवढं एक वाक्य मामांच्या घरी कुणी तरी बोललं असेल, आणि तेवढ्यावर तिचं लग्न ठरलं असेल. त्या काळी अशी लग्नं घरोघर झाली.

या बाईनं काय लपवलं? बहिणीचा फोटो सोप्यात लावला, जिथे आल्या-गेल्याची नजर पहिली पडते. टाक गळ्यात घातला. वर्षातून एकदा तिच्या लेकाला तिच्या नावानं वाकायला लावलं. तिनं सांगितलं नाही, हे खरं. पण पुरलंही नाही. ज्याला विचारायचं असेल त्याला विचारता यावं एवढ्या अंतरावर तिनं ते ठेवलं होतं. तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, यातही तुमचा दोष नाही. आपल्या घरात जे रोज दिसतं त्याबद्दल कोण विचारतं?

यावरून माझी एक शंका आहे. दादांना माहीत असावं. २०१९ च्या महापुरात पाणी दारात आलं तेव्हा आईनं भांडी-कपडे सोडून आधी ट्रंक माडीवर न्यायला लावली आणि ती दादांनी नेली, असं तुम्हीच लिहिता. ट्रंकेला कुलूप नव्हतं, हेही तुम्हीच लिहिता. एकोणसाठ वर्षांत या माणसाला जन्माचा दाखला एकदाही लागला नसेल? शाळेच्या दाखल्यावर भागलं असेल, मान्य. पण भावकीतली एखादी म्हातारी, मामाकडचं एखादं लग्न, कुणाच्या तोंडून ‘अगदी थोरलीसारखा दिसतो गं’ असं निसटलेलं वाक्य? मोठी भावकी असलेल्या घरात असं गुपित सहसा ज्याच्याबद्दल आहे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं, किंवा त्यालाच ठाऊक असतं आणि धाकट्यांना नसतं. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल असं मला वाटतं. माझं चुकूही शकतं, म्हणून पुढचं सगळं मी दोन्ही शक्यता धरून सांगते.

कागद जाळायचा विचार सोडा. तुमच्या हातात आहे ती नक्कल आहे. मूळ नोंद रजिस्टरात असते, ती काडी लावून जळत नाही. आणि समजा जाळलाच, तर एक गोष्ट पूर्वी कुणालाच बोलता येत नव्हती, ती आता तुम्ही एकट्या जाणूनबुजून दाबत असाल. आईचं गप्प बसणं आणि तुमचं गप्प बसणं यांत मोठा फरक आहे. तिनं पोराला आधार म्हणून गप्प बसणं निवडलं. तुमच्या गप्प बसण्याच्या शेजारी एक घर उभं आहे.

त्या घराबद्दल आता सरळ बोलू. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. वडिलांच्या मिळकतीत पहिल्या बायकोचा मुलगा आणि दुसरीची मुलं यांच्यात तो फरक करत नाही, त्यामुळे जमिनीवरचं दादांचं नाव शंभर नंबरी आहे. बाईच्या मिळकतीचा रस्ता वेगळा. मृत्युपत्र न करता बाई गेली तर कलम १५ प्रमाणे तिचं आधी तिच्या मुला-मुलींना आणि नवऱ्याला जातं, आणि इथे मुलगा म्हणजे पोटचा किंवा कायदेशीर दत्तक घेतलेला. सावत्र मुलगा त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली स्पष्ट केलंय. तो ‘नवऱ्याचे वारस’ या पुढच्या पायरीवर उभा असतो, आणि आधीच्या पायरीवर पोटची मुलं असताना त्याचा नंबर लागत नाही. म्हणजे ज्यानं त्या आईचं शेवटपर्यंत अंथरूण काढलं, त्याचाच त्या घरावर कागदोपत्री हक्क नाही. वाचताना माझ्याही पोटात कालवलं.

म्हणून तुम्ही घाबरलात, हे मला कळतं. पण तुमच्या पत्रात एक जागा आहे, तिथे मी अडखळले. ‘हक्कसोडपत्र करून द्यायचं मी ठरवलं होतं, पण आता सुचत नाही.’ हे ‘पण आता’ कुठून आलं, ताई? उतारा सापडायच्या आदल्या दिवशी दादा तुमच्यासाठी घराचा हक्कदार होता. त्यानं केलेली सेवा तीच, वहिनींनी आईचे काढलेले दिवस तेच. मधल्या एका संध्याकाळी काय बदललं? तुम्हाला टोचायला हे विचारत नाही. ‘सांगू की नको’ हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, पण त्याच्या खाली दुसरा प्रश्न आहे, तो तुम्ही स्वतःलाही विचारलेला दिसत नाही: हा कागद निघाल्यामुळे मला माझा हिस्सा ठेवायला निमित्त मिळालं का?

मिळालं असेल तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही. बहिणींनी हक्कसोड द्यायचीच, चोळी-बांगडीवर समाधान मानायचं, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की हिस्सा हवासा वाटला तर आधी अपराधी वाटतं. हिस्सा तुमचा आहे. तुम्हाला तो ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा आणि तसं तोंडावर सांगा. फक्त ‘दादा सख्खा नाही’ या कारणाखाली ठेवू नका. तुम्हाला तो हवा आहे, हे कारण पुरेसं आहे. आणि द्यायचा असेल तर दादानं केलं म्हणून द्या, सख्खा म्हणून नको.

यात एक व्यावहारिक खोच आहे, ती कुणी सांगितली नसेल. हक्कसोड ही सहहिस्सेदाराच्या लाभात होते. वर सांगितलेला कायदा धरला तर या घरात तुमचा सहहिस्सेदार एकटा धाकटा. म्हणजे सत्य दडवून, तिघांनाही पोटची मुलं दाखवून प्रतिज्ञापत्र केलं, त्यावर तुम्ही दादाच्या नावे हक्कसोड दिली आणि उद्या कुणी हा उतारा काढून आणला, तर सगळ्याच्या बुडाला आग लागेल. खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असेल ते वेगळंच. दादाला खरंच काही द्यायचं असेल तर त्याचा रस्ता नोंदणीकृत बक्षीसपत्राचा. त्याला मुद्रांक शुल्क लागतं. मुला-मुलीला राहतं घर बक्षीस देताना महाराष्ट्रात जी २०० रुपयांची सवलत आहे ती भावाला देताना धरू नका, खर्च आधी विचारून घ्या. आणि सही करण्याआधी दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाला सगळे कागद दाखवा. तुमच्या यजमानांच्या ओळखीचा वकील नको.

यजमानांचं निघालंच म्हणून. ‘कामाला येतील’ हे वाक्य मला आवडलं नाही. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, संसारी माणूस असाच विचार करतो. पण भावाच्या जन्माचा कागद बहिणीच्या कपाटात ‘कामाला’ पडून राहिला की त्याचं हत्यार व्हायला फार दिवस लागत नाहीत. त्यांना स्पष्ट सांगा की हा कागद ज्याचा आहे त्याला परत जाणार आहे.

कारण तो दादाचा आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या गुंत्याचं टोक हेच. त्याची आई कोण होती, ती कधी गेली, हे त्याला कळावं की नाही, ते तुम्ही ठरवायचं नाही, धाकट्यानं नाही आणि मी तर नाहीच. तुम्ही फक्त पोचवायचं. आणि पोचवायचं ते घराचा कुठलाही कागद हलण्याच्या आधी, पहिल्यांदा त्याला, एकट्याला. धाकट्याला नंतर, आणि तेही दादा म्हणेल तसं. उलट क्रमानं झालं तर दादाला स्वतःच्या आईची बातमी भांडणात मिळेल.

कधी सांगायचं? आईच्या वर्षश्राद्धाला नको, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना हे बोलता येत नाही. दिवाळीत नको. फोनवर तर मुळीच नको. गंगावेशीच्या घरातसुद्धा शक्यतो नको, तिथे वहिनी आत-बाहेर करणार आणि तुम्ही दोघं आवाज दाबून बोलणार. तुमचा दादा रोज पहाटे रंकाळ्याला फिरायला जातो असं लिहिलंय. जा एक दिवस त्याच्याबरोबर. काठाला बसलं की माणसं समोर पाण्याकडे बघून बोलतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अशा गोष्टीला ते बरं असतं.

तिथे ‘दादा, तुला एक सांगायचंय, मन घट्ट कर’ असली सुरुवात करू नका. सांगू नका, विचारा. ‘दादा, नवमीला आई तुला सवाष्णीच्या पाया का पडायला लावायची रे?’ एवढंच. त्याला माहीत असेल तर तो गप्प होईल, किंवा हसेल, किंवा म्हणेल ‘तुला कुणी सांगितलं?’ आणि मग पुढचं तो बोलेल, तुम्ही ऐका. त्यानं चाळीस-पन्नास वर्षं हे एकट्यानं सांभाळलं असेल तर त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल. त्यात तुम्हाला न आवडणारंही निघू शकतं. वडील त्याच्याशी कधी मोकळे बोलले नाहीत, असं तुम्ही म्हणता. पहिल्या बायकोचा चेहरा पोरात दिसत असेल तर एखादा बाप तसाही वागतो.

त्याला माहीत नसेल तर तो तुमच्याकडे बघेल आणि ‘का गं?’ म्हणेल. मग उतारे त्याच्या हातात द्या आणि वाचू द्या. ‘तरीही तू आमचाच आहेस’ असं लगेच म्हणू नका. जे कुणी नाकारलंच नाही त्याची खात्री दिली की माणसाच्या मनात शंका शिरते. तो रागावला, उठून गेला तरी जाऊ द्या. दोन दिवसांनी जा, नेहमीसारख्या, भाजी घेऊन. जेवण-झोप तुटली, घुमेपणा लांबला, तर वहिनींना विश्वासात घ्यायचं का ते त्यालाच विचारून घ्या आणि डॉक्टरकडे न्यायला लाजू नका.

आपल्या गावात या विषयाची इतकी लाज का वाटावी, हे मला तसंही कळत नाही. ज्यांच्या नावानं आपण उठता-बसता बोलतो ते शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला दत्तक येऊन छत्रपती झाले. कोल्हापूरचा माणूस २६ जूनला मिरवणुकीत नाचताना त्यांची जन्मदाती कोण याचा उतारा मागत नाही. बाहेर एवढं मोठं मन आणि घरात मात्र सात-बाराची नजर!

धाकट्याबद्दल थोडं. ‘त्याला कळलं तर तो दादाला बाहेर काढेल’ हे तुम्ही ठरवून टाकलंय. त्याला विचारलंय का? त्याची तक्रार तुम्ही एका ओळीत लिहिलीय: ‘आई पहिली पोळी कायम दादाला वाढायची.’ पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस अजून पोळीचं बोलतो, म्हणजे घराच्या पैशाइतकंच दुसरंही काही अडलेलं आहे. बहिणीच्या पोराला कुणी सावत्र म्हणू नये म्हणून आईनं पोटच्या पोराला दुसरी पोळी वाढली असेल, हे त्याला कधी तरी कळलं तर बरं वाटेल, की जास्तच राग येईल? मी सांगू शकत नाही. खरं कळलं की मनं जुळतात असा माझा अनुभव नाही. कधी जुळतात, कधी माणसं नवीन कारण घेऊन तोच राग पुढे चालवतात. त्याला कायद्यानं मिळणारा हिस्सा हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि त्यावर तुम्ही रागावलात तरी तो राहील. तसं झालं तर तुमचा अर्धा दादाच्या नावे करता येतो, किंवा जमिनीच्या वाटणीत दादानं काही सोडून घरात काही घ्यायचं, असाही तोडगा निघतो. हे वकिलासमोर बसून बोलायचं, देव्हाऱ्यासमोर नाही. जन्माची गोष्ट आणि घराची गोष्ट एकाच बैठकीत काढू नका, एवढं पथ्य पाळा.

आई चुकली असेल तर एकाच ठिकाणी. घर स्वतःच्या कष्टाचं होतं, मृत्युपत्र करून ते हव्या त्या नावावर ठेवणं तिच्या हातात होतं. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली असती तरी चाललं असतं, नोंदणीची सक्तीसुद्धा नसते. नोंदवलेलं बरं, एवढंच. हे वाचणाऱ्या ज्या कुणाच्या घरात दुसरेपणाचं लग्न आहे, दिराचं किंवा बहिणीचं पोर वाढवलेलं आहे, आणि कुणाच्या हाती दत्तकाचा कागद नाही, त्यांनी हे काम या महिन्यात करावं. पोरं प्रेमानं राहतात म्हणून लागणार नाही, असं धरून चालू नये. तुमची तिघंही प्रेमानंच वाढली होती. आणि ज्यांना असाच एखादा कागद सापडलाय पण घरात अजून एखादी आत्या, मामी, आजी हयात आहे, त्यांनी आधी तिच्याजवळ बसावं. उताऱ्यावर नाव आणि तारीख मिळते. बाळ पहिल्यांदा कुणाच्या मांडीवर ठेवलं, हे तीच सांगू शकते.

तुमच्या मामी अजून आहेत ना? दादाशी बोलणं झाल्यावर, त्याची तयारी असेल तर, दोघं मिळून एकदा जाऊन या.

आणि तो टाक. आईच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा कुणी मागितला नाही म्हणून तुमच्याकडे राहिला, गुजरीत दाखवला तर सोनार म्हणाला वजनच नाही, असं तुम्ही लिहिलंय. रंकाळ्यावर जाल तेव्हा उतारे पिशवीत राहू देत. दादानं ‘का गं’ म्हटलं की आधी तो टाक त्याच्या हातावर ठेवा.